'समुद्रावर जाऊन ये' म्हणण्याआधी...

मे महिन्यातली संध्याकाळ. मांडवीच्या जेटीवर पाय ठेवायला जागा नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची पोरं, भेळवाल्यासमोरची गर्दी. सातच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकतो आणि एकदम शंभरेक हात वर जातात. नमस्काराला नाही, मोबाइलला. पाच मिनिटांत सूर्य बुडतो आणि तेवढ्याच माना खाली जातात. फिल्टर कुठला लावायचा? कॅप्शन काय टाकायची? 'सी थेरपी', 'नो टेन्शन', सोबत दोन लाटा आणि एक हार्ट.

हसू नका, मीपण टाकलंय. लाइक मोजत घरी गेले आणि रात्री दीड वाजेपर्यंत छताकडे बघत पडले होते, ते मात्र कुठे पोस्ट केलं नाही.

आपल्या रत्नागिरीत टेन्शनवर एकच औषध आहे आणि ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. 'जा, जरा समुद्रावर जाऊन ये.' नीटला मार्क कमी आले? समुद्रावर जाऊन ये. एमपीएससीची तारीख पुन्हा पुढे गेली? समुद्र. ब्रेकअप झालं, मुंबईतल्या कंपनीने तिसऱ्या राऊंडनंतर फोनच केला नाही, घरात बाबांचं आंब्याचं गणित यंदा बसलं नाही? समुद्र आहे ना! फुकट, चोवीस तास उघडा, रिक्षाने दहा मिनिटांवर.

गेल्या वर्षी मीही हे औषध एका मैत्रिणीला दिलं. परीक्षेचा अभ्यास करत होती. अभ्यासिकेत सकाळी आठला जायची, रात्री आठला यायची. एक दिवस म्हणाली, "मला ना, काहीच करावंसं वाटत नाहीये." मी घाईत होते, असाइनमेंट द्यायची होती. म्हटलं, "अगो, दमलीयेस तू. भाट्यावर एक चक्कर मारून ये, फ्रेश वाटेल." ती "हो" म्हणाली आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

दोन महिन्यांनी तिने सांगितलं. ती रोज जात होती भाट्यावर. सुरूच्या झाडांत बसून रडायची, तोंड धुवायची आणि घरी यायची. तीन आठवडे तिला नीट झोप नव्हती. "तू सांगितलंस म्हणून जात होते," असं ती म्हणाली, तेव्हा आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. ताण घालवायचे नैसर्गिक उपाय खोटे असतात का? नाही. पण आपण ते चुकीचे वापरतो, आणि कधी कधी समोरच्याचं ऐकायला नको म्हणून वापरतो, असं मला वाटतं.

समुद्र खरंच काम करतो?

आधी समुद्राला न्याय देऊ. झाडं, पाणी, मोकळं आकाश यांनी माणसाला बरं वाटतं, ही फक्त कवींची कल्पना नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी तीव्रतेची पुरली. जपानमध्ये तर १९८२ साली तिथल्या सरकारच्या वनविभागाने जंगलात निवांत फिरण्याला 'शिनरिन-योकू' असं नाव देऊन लोकांना जंगलात बोलावलं. त्याचा अर्थ 'वनस्नान'.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हे दोन तास एका दमात घालवले की थोडे थोडे, त्याने फरक पडला नाही. ही पाहणी आहे, औषधाची चाचणी नव्हे. पण आपल्यासाठी त्यातली मेख महत्त्वाची आहे. महिन्यातून एकदा आरे-वारेला बाइकने जाऊन ऐंशी फोटो काढण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कामाची. आठवड्याचे १४० होतात, हिशेब करा. थोडक्यात, नुसती जागा पुरत नाही, सवय लागते. आणि नेमकी तीच आपल्याला नाही.

आजीला कोणी शिकवलं नव्हतं

माझ्या आजीने 'स्ट्रेस' हा शब्द कधी वापरला नाही. पण मे महिन्यात ती पडवीत बसून आमसुलं करते, तेव्हा मी तिच्याकडे बघत असते. रतांबे फोडायचे, बिया बाजूला, सालं बाजूला. मग सालांना रस लावायचा, उन्हात टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हात लाल होतात. शेजारची काकू येऊन बसते, तीही चार रतांबे फोडते. बोलता बोलता कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या कर्जाचं असं सगळं बाहेर येतं. तासाभराने दोघी उठतात तेव्हा परातही भरलेली असते आणि मनही हलकं झालेलं असतं.

आता यात काय काय आहे बघा. हाताला काम आहे, एका लयीत चालणारं. मोबाइल लांब आहे, कारण हात चिकट आहेत. अंगावर ऊन-वारा आहे. आणि शेजारी ऐकणारं माणूस आहे. आपण हेच सगळं सुटं करून 'माइंडफुलनेस', 'डिजिटल डिटॉक्स', 'सपोर्ट सिस्टम' अशा नावांनी विकत घेतो.

गणपतीतल्या आरत्या आणि भजनंही तशीच. लांब ओळ एका श्वासात म्हणायची म्हणजे श्वास आपोआप लांबतो. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटालियन संशोधकांचा एक अभ्यास आला होता. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसत होता. धर्म कुठलाही असो, फुप्फुसं तीच.

तेव्हा टेन्शनमध्ये असाल तर हे करून बघा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. सोडायचा वेळ जास्त हवा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला 'धोका टळला' असा निरोप मिळतो. पाच मिनिटं पुरतात. व्हायवाच्या रांगेत उभं राहूनही जमतं, कोणाला कळतसुद्धा नाही.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, फक्त आपण करत नाही. रोज चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते. अहो, टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट आपण शाळेत भाषणातसुद्धा म्हटली आहे! संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, कारण पोटात गेलेलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. आणि झोपताना फोन उशाखाली नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. मला या शेवटच्या गोष्टीचा जितका त्रास झाला, तितकाच फायदाही झाला.

'नॅचरल' लिहिलं की झालं?

एक गोष्ट मात्र खटकते. इन्स्टा उघडलं की दर चौथी जाहिरात. 'शंभर टक्के नॅचरल स्ट्रेस रिलीफ गमीज'. अश्वगंधा घातलेल्या गोळ्या, सरबतं, पावडरी. आपल्या वयाचा कोणीतरी इन्फ्लुएन्सर सांगतो, मी रोज दोन खातो, माझी अँग्झायटी गायब.

अश्वगंधा वाईट, असं मी म्हणत नाहीये. आयुर्वेदात ती शतकानुशतकं आहे, पण तिथे ती वैद्य देतो, माणूस बघून. गमीवाला माणूस बघत नाही. काहींना त्यातून यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, थायरॉइडची औषधं चालू असतील तर आणखी सांभाळावं लागतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीही घातली. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. बिब्बासुद्धा नैसर्गिकच आहे! पॉकेटमनी घालून मागवण्याआधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना एकदा विचारा, एवढंच.

थिबा राजाला किती समुद्र मिळाला

आता मूळ मुद्दा. आपल्या गावात एक माणूस असा होता, ज्याला समुद्र हवा तितका मिळाला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे महालही बांधून दिला. आज आपण थिबा पॉइंटला उभे राहून भाट्याची खाडी आणि समुद्र बघतो आणि 'वॉव' म्हणतो. तो तीस वर्षं इथे राहिला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. परत जायला मिळालंच नाही.

त्याला कोणी म्हटलं असतं का, "महाराज, समुद्र बघा, बरं वाटेल"? त्याचं दुःख दृश्य नसल्याचं नव्हतं. त्याचं घर गेलं होतं.

आपल्याही ताणाला बहुतेक वेळा कारण असतं. भरतीची जाहिरात निघत नाही. घराचा हप्ता आहे. मित्र सगळे मुंबई-पुण्याला गेले आणि आजी-आजोबांकडे बघायला तुम्ही एकटे मागे राहिलात. समुद्र यातलं काही सोडवत नाही. तो फक्त ते सोडवायला लागणारी ताकद थोडी परत देतो. हेही कमी नाही. पण 'जाऊन ये' म्हणून आपण समोरच्याचं कारणच ऐकलं नाही, तर त्याला समुद्रावर पाठवणं म्हणजे त्याला एकटं पाठवणं आहे.

आणि कधी कधी ताण हा ताण राहिलेला नसतो. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात. तेव्हा श्वास आणि चालणं जोडीला ठेवा, पण डॉक्टर गाठा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

इथे आपल्या गावची एक खास अडचण आहे. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपली रत्नागिरी. खरं तर केवढी सोय! पण आपण लहानपणापासून ते नाव कशासाठी वापरलं? चिडवायला. 'तुला तिकडेच टाकायला पाहिजे.' वर्गात, बसमध्ये, घरात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, म्हणजे दाखवून घरी येता येतं, हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही. माझ्या मैत्रिणीला सगळ्यात मोठी भीती आजाराची नव्हती. "तिथे कोणी ओळखीचं दिसलं तर?" ही होती. गाव लहान, प्रत्येक रिक्षावाला कोणाचा तरी काका.

शेवटी ती आईला घेऊन एका डॉक्टरांकडे गेली. आज बरी आहे, अभ्यासही चालू आहे. तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला कुठे जायचीच भीती वाटत असेल, तर १४४१६ हा नंबर सेव्ह करा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा आणि ते गुप्त राहण्याचाही हक्क तुम्हाला दिला आहे.

समुद्र सोडू नका, असंच मी म्हणेन. पावसाळ्यात तेवढा जेटीवरूनच बघा, जूनच्या लाटांशी मस्ती नको. पण पुढच्या वेळी कोणी "काही करावंसं वाटत नाही" म्हणालं, तर 'जाऊन ये' म्हणू नका. 'चल, जाऊया' म्हणा. फोन डिकीत टाका, चपला हातात घ्या, आणि तो बोलेपर्यंत चालत राहा. सल्ला द्यायची घाई नको.

आम्ही दोघी आता रविवारी भाट्यावर जातो. परवा सूर्यास्त झाला तेव्हा ती तिच्या मामेबहिणीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती आणि आम्ही इतक्या हसत होतो, की फोटो काढायचा राहिलाच.