तीन लाखांचा कॅमेरा अन् मिरचीचं पान



आषाढीपासून माझ्या गळ्यात कॅमेरा दिसतोय म्हणून रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारतो, "मिरचीचं लग्न लावताय का?" तर खुलासा करतो. कॅमेरा पुतण्याचा आहे. तो भोकरदन-सिल्लोड भागात लग्नाचे फोटो काढतो. चातुर्मासात लग्नं बंद, कॅमेरा कपाटात. मी म्हटलं, तुळशीच्या लग्नापर्यंत मला दे. देताना दोनदा बजावलं त्यानं, "काका, फवारणीच्या दिवशी शेतात नेऊ नका." सोबत ९० एमएमची मॅक्रो लेन्स दिली, नवरा-नवरीच्या अंगठ्यांचे जवळून फोटो काढतात ती. अंगठीचा खडा टिपणारी लेन्स मिरचीच्या पानावर काय दाखवते ते मला बघायचं होतं.

का बघायचं होतं, ते आधी सांगतो.

मागच्या जुलैत मिरचीचे शेंडे गोळा व्हायला लागले. मोबाइलवर वरून फोटो काढला अन् दुकानात पाठवला. उत्तर आलं, "थ्रिप्स आहे, ही दोन औषधं मारा." मारली. आठ दिवसांनी परत तेच. तिसरी फवारणी पायरेथ्रॉइडची झाली. शेंडे सुधारायचं राहिलं बाजूला, अजूनच आवळले. शेवटी ओळखीचे एक कृषी पदवीधर आहेत, त्यांना आम्ही सर म्हणतो, ते बांधावर आले. त्यांनी फोटो बघितलाच नाही. पान उलटं केलं, खिशातलं २० एक्सचं भिंग लावलं आणि माझ्या हातात दिलं. खालच्या बाजूला शिरेजवळ पिवळसर, काचेसारखे कोळी फिरत होते. पान खाली वळलेलं, पालथ्या होडीसारखं, देठ लांबलेला. थ्रिप्सनं पान वर वळतं आणि कोळ्यानं खाली, हे मी दहा वेळा वाचलेलं. पण वरून काढलेल्या फोटोत वर काय अन् खाली काय, सगळं सारखंच चुरडलेलं. मारलेल्या औषधांनी कोळी मेला नाहीच, उलट पायरेथ्रॉइडनं कोळी खाणारे मित्रकीटक गेले. वीस गुंठ्यांतले दोन तोडे हातचे गेले. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या, पण खरं सांगायचं तर मी पाठवलेल्या फोटोत ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

आता कॅमेऱ्याकडे येतो. सोनीचा ए७आर फाइव्ह, २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेला, ६१ मेगापिक्सेलचा. मिररलेस म्हणजे जुन्या डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला. डोळा लावायच्या खिडकीत छोटा स्क्रीन असतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. नुसत्या बॉडीला तीन लाखांच्या वर मोजावे लागतात, लेन्स वेगळी. एवढ्यात आमच्याकडे जुना ट्रॅक्टर दारात येतो.

पहिला फायदा मला अपेक्षित नव्हता. दुपारी बाराच्या उन्हात मोबाइलचा स्क्रीन दिसत नाही, फोकस कुठं बसला कळत नाही, अंदाजानं बोट दाबायचं. इथं डोळा खिडकीला लावला की ऊन बाहेर राहतं. त्या एवढ्याशा खिडकीत ९४ लाख ठिपके आहेत. फोकसची जागा मोठी करून बघता येते, त्यामुळे कोळी स्पष्ट आलाय का शिरेवरची लव, हे फोटो काढायच्या आधीच समजतं. मागचा स्क्रीन हवा तसा वळतो. झाडाखाली कॅमेरा धरून, पान न तोडता, त्याची खालची बाजू टिपता येते. पान तोडून हातात घेईपर्यंत निम्मे थ्रिप्स पसार झालेले असतात, हे ज्यानं मोजलेत त्याला माहीत आहे.

कृषीवाल्या मंडळींसाठी थोडा हिशोब. सेन्सर साधारण ३६ मिमी रुंद, त्यावर आडवे ९,५०४ ठिपके. लेन्स १:१ ची, म्हणजे १ मिमीची वस्तू सेन्सरवर १ मिमीचीच उमटते. १ मिमीचा फुलकिडा सुमारे २६५ ठिपक्यांत बसतो. पंखांची झालर दिसायला तेवढे पुरतात. पिवळा कोळी ०.२ मिमीच्या आसपास, त्याला जेमतेम ५० ठिपके मिळतात. कोळी आहे एवढं कळतं, त्यापुढं नाही. आता हाच फुलकिडा २४ मेगापिक्सेलच्या जुन्या फुल-फ्रेम बॉडीवर धरा, तर १६५ ठिपके. ६१ हे २४ च्या अडीच पट दिसतात, पण एका रेषेत मोजलं तर फरक १.६ पटच पडतो. पैसे मात्र रेषेत मोजून घेत नाहीत.

कीटक ओळखून त्यावर फोकस धरायची सोय या कॅमेऱ्यात आहे आणि तिचं फार कौतुक होतं. सूर्यफुलावरची मधमाशी त्यानं धरली की सोडत नाही, फुलपाखराचंही तसंच. थ्रिप्सला मात्र तो कीटक मानायलाच तयार नाही. मी ती सोय बंद करून टाकली. फोकस हातानं एका जागी ठेवायचा आणि आपणच श्वास रोखून पुढं-मागं झुलायचं. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं याला झपाटलंय.

खरी अडचण जाडीची आहे. १:१ ला एफ-८ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरभराचा. चुरडलेलं पान त्यात मावत नाही. छिद्र बारीक करत एफ-२२ पर्यंत गेलं तर प्रकाश कडांवरून पसरतो, चित्र मऊ पडतं आणि ६१ मेगापिक्सेलचे पैसे पाण्यात. उपाय म्हणून कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत फोटोंची माळ काढून देतो. पण ती माळ तो स्वतः ओवत नाही, संगणकावर जोडावी लागते. तोवर पान हललं नाही पाहिजे. श्रावणातल्या वाऱ्याला हे कोण सांगणार? थरथर थांबवायची सोय कंपनी ८ स्टॉपची सांगते. ती आपल्या हाताची थरथर, झाडाची नव्हे. मला सगळ्यात जास्त कामाला आला तो काही हजारांचा फ्लॅश, पुढं बटर पेपर लावून. त्याच्या झगाऱ्यात हलतं पानही थांबलेलं दिसतं.

बाकीचं पटकन. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर शेतात नको, कारण सेन्सर वरून खाली पूर्ण वाचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो आणि उडत्या माशीचे पंख वेडेवाकडे येतात. धूळ-ओलाव्यापासून बचाव आहे, पण तो वॉटरप्रूफ नाही. पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ उडतं. मी तो प्रयोग केलाय, पुतण्याला अजून सांगितलेला नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप! कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल सव्वाशे एमबीच्या आसपास जाते. त्यातून जेपीईजी बनवून साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो चेपून मोबाइलच्या फोटोच्या रांगेत बसवतं. पहिल्या फोटोवर सरांचं उत्तर आलं, "धूसर आहे, परत पाठवा." हसावं का रडावं. तेव्हा किडीपुरता तुकडा आधी कापायचा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. ही युक्ती मोबाइलच्या फोटोलाही लागू आहे, फुकट आहे, आणि मागच्या जुलैत मला कोणी सांगितली नव्हती.

यंदा काय झालं? ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या बांधाकडच्या चार ओळींत शेंडे आवळायला लागले. पानाच्या खालचा फोटो, कापलेला तुकडा, डॉक्युमेंट. दहा मिनिटांत उत्तर आलं, "कोळी." तेवढ्याच पट्ट्यात कोळीनाशक मारलं, रान वाचलं. पुतण्या म्हणतो कॅमेऱ्यानं वाचवलं. मला ते निम्मंच पटतं. कॅमेरा गळ्यात आहे म्हणून मी दर चौथ्या दिवशी पानं उलटी करत होतो. मागच्या वर्षी मी बांधावरून बघत होतो.

शिवाय चित्र कितीही सुंदर आलं तरी त्याची हद्द आहे. २०२१ मध्ये तेलंगणा-आंध्रात मिरचीच्या फुलांत घुसून ज्यांनी धुमाकूळ घातला, ते थ्रिप्स पार्विस्पिनस जातीचे. त्यांची मादी काळपट असते. फुलात काळपट थ्रिप्स दिसला तर फोटोवरून शंका घेता येते, पण जात ठरवायला स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं. पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू तर दिसायचा प्रश्नच नाही, दिसतात ती फक्त लक्षणं. तीन लाखांचा फोटो असला की समोरचा माणूस जरा जास्तच ठाम बोलतो, हेही मी यंदा अनुभवलं.

म्हणून माझं मत विचाराल तर एकट्या शेतकऱ्यानं हा कॅमेरा घेऊ नये. फवारणीचा निर्णय करायला काही शेकड्यांचं २० एक्सचं भिंग पुरतं, आणि ते आधी प्रत्येकाच्या खिशात पाहिजे. गटाला, शेतकरी कंपनीला नोंदी ठेवायच्या असतील, नव्या पोरांना कीड ओळखायला शिकवायचं असेल, तर एक वापरलेली २४ मेगापिक्सेलची बॉडी, १:१ मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश घ्या. खर्च लेन्स अन् फ्लॅशवर करा, बॉडीवर नको. पुतण्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "काका, दहा वर्षांनी हेच फोटो कामाला येतील, तेव्हा मोठे असलेले बरे." छापून भिंतीवर लावायचे असतील तर त्याचंही बरोबर आहे.

कॅमेरा तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे आहे. आसपासच्या कोणाला शेंड्याचे फोटो काढून हवे असतील तर सकाळी वारा सुटायच्या आत बोलवा. येताना पानं तोडून आणू नका, मीच रानात येतो. आणि आदल्या दिवशी काय फवारलं ते तेवढं खरं सांगा.