सदसद्विवेकाला रजा नाही

गर्भपाताचा विषय निघाला की वैद्यकीय महाविद्यालयात आम्हां ख्रिस्ती विद्यार्थ्यांना एक उपदेश हमखास ऐकावा लागतो : 'धर्म घरी ठेवून या.' न जन्मलेल्या जीवाची बाजू घेणारा विद्यार्थी शास्त्र बोलत नसून प्रवचन करतो आहे, असे गृहीत धरले जाते. या गृहीतालाच आमची हरकत आहे. फलनानंतर वाढू लागणारा जीव मातेच्या देहाचा अवयव नसून स्वतःची जनुकरचना असलेला मानवी जीव आहे, हे आम्हांला गर्भशास्त्राच्या तासाला शिकवले गेले. त्या जीवाचे मोल किती, हा प्रश्न नीतीचा आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ते मोल शून्य आहे, हे उत्तर तरी कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडले? तेही एक नैतिक मतच आहे. मग दोन मतांपैकी एकानेच वहाणांबरोबर दाराबाहेर का थांबावे?

आमचे मत वैद्यकाला परके नाही. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या मूळ शपथेत गर्भपात घडवण्याचे साधन स्त्रीला न देण्याचे वचन आहे. 1948 साली जागतिक वैद्यक संघटनेने जिनिव्हात जी प्रतिज्ञा स्वीकारली, तिच्यात मानवी जीवनाविषयीचा आदर गर्भधारणेपासून सांगितला होता. 1983 साली ते शब्द सौम्य झाले आणि 2005 साली आरंभाचा उल्लेखच गळाला. शब्द बदलले, गर्भात वाढणारा जीव होता तोच राहिला.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव तर याहून बोलका आहे. गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा या राज्याने 1988 सालीच केला. देशाचा कायदा 1994 साली आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर घसरली. या अनाचाराला आपण 'स्त्रीभ्रूणहत्या' म्हणतो. सभेत हा शब्द उच्चारणारा विद्यार्थी पुरोगामी ठरतो, आणि तोच 'हत्या' हा शब्द त्याने लिंगाचा विचार न करता वापरला की प्रतिगामी! तेथे आक्षेप भेदभावाला आहे, असे उत्तर आम्हांला मिळते. मान्य. पण भेदभाव कोणाशी? जो कोणीच नाही त्याच्याशी भेदभाव होत नसतो.

आता कायद्याकडे वळू. 1971 च्या गर्भपात कायद्याची मर्यादा 2021 च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत वाढवली. तो कायदा आहे आणि त्याची माहिती असणे हे आमचे कर्तव्यच आहे. पण मातेचा जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला, तर त्याच कायद्याखाली केवळ एमबीबीएस पदवीच्या बळावर कोणालाही गर्भपात करता येत नाही. प्रसूतिशास्त्रातले विशेष शिक्षण किंवा ठरावीक अनुभव लागतो. पहिल्या 12 आठवड्यांतील गर्भपातांसाठी नियमांनी ठेवलेला एक मार्ग असा, की मान्य रुग्णालयात 25 प्रकरणांत साहाय्य करावे आणि त्यांतली किमान 5 स्वतः हाताळावीत. म्हणजे हे काम प्रत्येक डॉक्टरचे नाही, हे कायद्यानेच ओळखले आहे. मग ज्याचे मन त्याला तयार नाही, त्याच्यावर सक्ती कशासाठी? ब्रिटनने 1967 साली गर्भपात कायदेशीर केला, तेव्हाच विवेकाच्या कारणाने त्यात भाग न घेण्याची मुभा दिली; मातेचा जीव धोक्यात असेल तेथे मात्र ती मुभा लागू नाही. चार वर्षांनी आलेल्या आपल्या कायद्यात अशी तरतूद नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता सांगते, की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या आधारावर डॉक्टरने नकार देऊ नये. ब्रिटनसारखी मर्यादित मुभा येथेही असावी, एवढीच आमची मागणी आहे.

ही मागणी करणाऱ्याने आपल्या घराकडेही पाहावे. 28 ऑक्टोबर 2012 रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथे बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा मृत्यू झाला. गर्भ टिकणार नाही हे दिसत असताना जंतुसंसर्ग वेळीच ओळखला गेला नाही, आणि गर्भाचे ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप न करण्यावर अवाजवी भर दिला गेला, असे चौकशीत निष्पन्न झाले. या मृत्यूला जीवनाचे रक्षण म्हणणारा आमचा कोणी नव्हे. मातेचा संसर्ग, रक्तस्राव, नलिकेतील गर्भधारणा यांवरचे उपचार आम्ही इतरांहून अधिक कसून शिकले पाहिजेत. गर्भपात करून आलेली स्त्री तापाने फणफणत दारात उभी असेल, तर तिला प्रश्न न विचारता खाट द्यावी. रुग्णाला अंधारात ठेवणे, दरडावणे, ताटकळत ठेवणे याला विवेक म्हणत नाहीत.

आणि आपल्या समाजालाही दोन शब्द. 1995 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एव्हांजेलियुम व्हिते' या परिपत्रात गर्भपातात सहभागी न होण्याचा हक्क डॉक्टर, परिचारिकांना असावा, असे ठामपणे मांडले. धर्मग्रामांत त्यावर प्रवचने होतात. पण तेथेच लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीकडे कुजबुजत बोटे दाखवली जातात. ती मुलगी गुपचूप दवाखान्याचा जिना चढते, तेव्हा तिला त्या पायरीवर आणण्यात आपल्या कुजबुजीचाही हात असतो. आम्ही वॉर्डात नकार द्यायचा आणि तुम्ही तिला दार बंद करायचे, हे जीवनाचे रक्षण नव्हे. तिच्यासाठी आपल्या घराचे दार उघडा. मग आमच्या नकाराला अर्थ राहील.