सीमा बदलायला साधे बहुमत पुरते!

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार ही गावे कोणत्या राज्यात असावीत हे काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेले नाही. ते लिहिले आहे १९५६ सालच्या राज्य पुनर्रचना कायद्यात, आणि तो कायदा केला लोकसभेत व राज्यसभेत बसलेल्या हाडामांसाच्या माणसांनी! म्हैसूर राज्याला काय काय द्यायचे याची त्या कायद्यात यादी आहे. तीत बेळगाव जिल्हा आहे आणि त्याला जोडून तीनच शब्द आहेत : 'चंदगड तालुका वगळून'. त्या तीन शब्दांच्या बळावर चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात नांदतो आहे. शेजारच्या खानापूरसाठी तसे तीन शब्द लिहायला कोणाची लेखणी उचलली गेली नाही, एवढाच काय तो फरक.

सीमेची गोष्ट काढली की दिल्लीची वाट दाखवणारे शहाणे म्हणतात, 'अहो, त्याला घटना बदलावी लागेल, दोन तृतीयांश मते कोठून आणणार?' लोकांच्या डोळ्यांत केलेली ही निव्वळ धूळफेक आहे. घटनेचे तिसरे कलम उघडून पाहा. नवे राज्य निर्माण करणे, एका राज्याचा मुलूख दुसऱ्याला जोडणे, सीमा हलवणे, नाव बदलणे, हे सारे संसद साध्या कायद्याने करू शकते. आणि असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती मानायची नाही, हे लगेच पुढच्या चौथ्या कलमात स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हात आपल्या बाजूला पडले की काम फत्ते! बाकी बिलाची वाट इतर बिलांसारखीच : ते मांडायचे, वाटल्यास समितीकडे धाडायचे, कलमवार घासाघीस करायची, मते घ्यायची, दुसऱ्या सभागृहात तोच फेरा पुरा करायचा आणि शेवटी राष्ट्रपतींची सही.

मात्र या वाटेच्या तोंडाशीच दोन अडसर आहेत, आणि ते नीट ओळखले पाहिजेत.

एक अडसर नुसता दिसायला मोठा. राज्याच्या मुलखाला, सीमेला किंवा नावाला हात लावणारे बिल असेल तर राष्ट्रपती ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात व मुदत ठरवून देतात. मत मागायचे, पण ते ऐकलेच पाहिजे असे नाही! हे आम्ही १९५६ साली अंगावर सोसले आहे. १८ एप्रिल १९५६ ला लोकसभेत जे बिल मांडले गेले त्यात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई केंद्राच्या खिशात, असे तीन तुकडे होते. मुंबईच्या विधिमंडळाने चर्चा केली ती या तीन तुकड्यांवर. संयुक्त समितीचा अहवाल जुलैत आला आणि त्यानंतर सभागृहात दुरुस्ती होऊन बाहेर काय पडले? तर विधिमंडळाला कधी विचारलेच नव्हते ते द्विभाषिक राज्य! याच मुद्द्यावर बाबूलाल पराते यांनी कोर्टाची पायरी चढली. हायकोर्टाने अर्ज फेटाळला आणि २८ ऑगस्ट १९५९ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितले की एकदा मत विचारले की झाले, पुढे संसदेने बिलात दुरुस्ती केली तर पुन्हा विचारण्याची गरज नाही. तेव्हा जो दांडका आमच्या पाठीत बसला तोच आज आमच्या हाती घेता येतो. बंगळूरची विधानसभा शंभर वेळा 'नाही' म्हणाली तरी कायद्याने संसदेचे हात बांधले जात नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे बिल फेटाळले होते. फेब्रुवारीत दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि २ जूनला तेलंगण उभा राहिला.

खरा अडसर दुसराच. असले बिल राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून कोणत्याच सभागृहात मांडता येत नाही, आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे किल्ली पंतप्रधानांच्या कमरेला! एखादा खासदार शुक्रवारच्या खासगी कामकाजात बिल आणू म्हणेल, तर त्यालाही ही शिफारस लागतेच. शिवाय खासगी सभासदांची आजवर अवघी १४ बिले कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. तेव्हा 'मी खासगी बिल आणतो' असे भाषणात सांगून टाळ्या घेणाऱ्याला ओळखून असा.

किल्ली फिरते, हेही पाहिले आहे. १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी दणका दिला आणि द्विभाषिक हेच सर्वोत्तम असे म्हणणारे तेच सरकार १९६० साली मुंबई पुनर्रचनेचे बिल घेऊन आले. गावांची अदलाबदल तर त्याहून सोपी. आंध्र आणि मद्रास यांचा तंटा पाटसकरांनी गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलग मुलूख या कसोट्या लावून सोडवला. संसदेने १९५९ साली एक छोटासा कायदा केला आणि तिरुत्तणी मद्रासकडे गेले. आभाळ कोसळले नाही. त्याच कसोट्या बेळगावला लावा म्हटले की मात्र महाजन अहवाल पुढे करतात!

डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक ठराव केला, पाठोपाठ महाराष्ट्राने ८६५ गावांचा केला. ठरावाने सातबारा बदलत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, वीस वर्षे उलटली तरी निकाल हाती आला नव्हता. कोर्टाचे काम कोर्ट करील. पण त्या दाव्याआड लपून संसदेतली वाट मोकळी सोडायची हे कुठले शहाणपण?

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सभासद आहेत. येत्या अधिवेशनाआधी आपापल्या खासदाराला गाठा, आणि भाषण न ऐकता एवढेच विचारा : तिसऱ्या कलमाखालचे बिल सरकारने आणावे म्हणून सर्वांनी मिळून पंतप्रधानांना सह्यांचे पत्र दिले का? दिले असेल तर नक्कल मागा. 'पाठपुरावा चालू आहे' असे उत्तर आले तर तेही कागदावर घ्या, सही आणि तारखेसह.