गव्हाशिवाय बिस्किटं

मुलांनो, वाढदिवसाचं बिस्किट एखाद्या मित्रानं नको म्हटलं, तर त्याला चिडवू नका हं! काहींना गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही. आतड्याला इजा होते. या विकाराला सिलिअ‍ॅक म्हणतात.

आपल्या जतकडच्या शाळूत ग्लुटेन नसतं. म्हणून तर आई भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळते, नाहीतर भाकरी तुटते!

एक वाटी शाळूचं पीठ, अर्धी वाटी शेंगदाण्याचं बारीक कूट, अर्धी वाटी किसलेला गूळ, पाव वाटी तेल, चिमूटभर मीठ आणि लागेल तेवढं पाणी. दूध, लोणी, अंडं काही नको. गोळे वळून अंगठ्यानं खळगा करा. डाळिंबाचा रस, पेरूचा गर नि साखर आटवून केलेला जाम त्यात भरा. मोठ्यांच्या मदतीनं कढईत मिठाचा थर तापवा, वर ताटली ठेवा, झाकून मंद आचेवर वीसेक मिनिटं भाजा. गरम असताना उचलाल तर मोडतील. गार झाली की खुटखुटीत!

पण गिरणीत गव्हावर दळलेलं पीठ नको. त्यात गहू मिसळतो आणि त्या मित्राला तेवढाही बाधतो. धुतलेल्या मिक्सरमध्येच ज्वारी बारीक करा. चाळणही गव्हाच्या पिठाची घेऊ नका. आणि शेंगदाणा चालतो का, हे त्याच्या आईला आधीच विचारा.