निवृत्तांची फुरसत आणि गरिबांचा हक्क

तेरेखोल नदीच्या काठी वसलेले बांदा हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे बाजाराचे गाव. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. एकेकाळी ह्या परिसरातील तरुण मुंबईच्या गिरण्यांची वाट धरीत. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि ती वाट अरुंद झाली. आता सकाळी दुचाकींची रांग लागते ती म्हापसा, पणजी आणि मोपाच्या विमानतळाच्या दिशेने. दिशा बदलली, परंतु तरुण बाहेर आणि म्हातारी माणसे घरी ही कोकणची जुनी मांडणी बदलली नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना जो जिल्हा आकुंचन पावतो, त्यात वृद्धांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक असावे यात नवल नाही.

ह्या वृद्धांचे दोन वर्ग आहेत. एक निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा: शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमास्तर, एस.टी.तून किंवा बँकेतून निवृत्त झालेले. दुसरा वर्ग कधीच निवृत्त न होणाऱ्यांचा. काजूच्या बागेत बिया वेचणारी, चिऱ्याच्या खाणीवर उमेदीची वर्षे घालवलेली, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी ही माणसे निवृत्त होत नाहीत. हातपाय चालेनासे होईपर्यंत ती राबतात. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्याच वर्षी बांद्याच्या परिसरात माकडतापाची साथ पसरली, तेव्हा तिचा घाव रानात आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांवरच पडला. घरी बसण्याची सोय ज्यांना होती, ते बचावले.

पहिल्या वर्गातील कित्येक स्त्रीपुरुष दुसऱ्या वर्गासाठी आपला वेळ देत असतात. गावोगावच्या लहान संस्थांचे काम आज बहुतांशी साठी उलटलेल्या माणसांच्या बळावर चालते. रुग्णाबरोबर बांबोळीच्या रुग्णालयात जाणे, तेरेखोलचे पाणी बाजारपेठेत शिरले की धान्य-कपड्यांची जमवाजमव करणे, गरजू मुलांच्या वह्यापुस्तकांची व्यवस्था पाहणे, निरक्षर म्हातारीचा अर्ज भरून देणे अशी ही कामे आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बांद्याची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा अशा मदतीचे मोल साऱ्यांना समजले. एरवी ह्या कामाची दखल वर्षातून एकदा, शाल-श्रीफळ देऊन घेतली जाते. आमच्या मते त्या सत्कारापेक्षा एका प्रश्नाचा विचार अधिक अगत्याचा आहे: हे काम कोणत्या दिशेने जावे?

प्रथम, हा वेळ येतो कोठून ते पाहू. प्रस्तुत लेखकासारख्या निवृत्तिवेतनधारकाला दरमहा जी रक्कम मिळते ती सार्वजनिक तिजोरीतून येते, आणि काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत कर मोजणारी मजूर बाई त्या तिजोरीत भर घालते. तिला स्वतःला निवृत्तिवेतन नाही. म्हणजे अर्थशास्त्राच्या हिशेबाने आमची फुरसत ही काही अंशी तिच्या श्रमाची निर्मिती आहे. तेव्हा निवृत्ताने गरिबासाठी चार तास दिले तर तो उपकार नव्हे, देण्याची फेड होय. हे मनात स्पष्ट असले म्हणजे सेवेतला दातेपणाचा दर्प आपोआप गळून पडतो.

आता दिशेचा प्रश्न. धान्याची पिशवी देणे सोपे असते. देणाऱ्याला समाधान लाभते, घेणाऱ्याची आठवड्याची निकड भागते. परंतु ज्या वृद्धेला आपण पिशवी देतो तिला कायद्याने आणि शासननिर्णयाने काय मिळावयास हवे होते आणि ते का मिळाले नाही, हा शोध घेणे अधिक कष्टाचे व म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

उदाहरण श्रावणबाळ योजनेचे घ्या. पासष्ट वर्षांवरील निराधार व्यक्तीला महाराष्ट्र शासन ह्या योजनेखाली निवृत्तिवेतन देते. दरमहा ६०० रुपयांची रक्कम २०१९ साली १,००० आणि २०२३ साली १,५०० झाली. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दरमहा २०० रुपयांवरच गोठला, तो भाग वेगळाच. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवण्यात आली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, साऱ्या कुटुंबाचे मिळून. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने घरातील एका माणसाने ७१ दिवस काम केले की कुटुंब मर्यादेबाहेर गेले. एका कायद्याने शंभर दिवसांच्या कामाची हमी द्यावयाची आणि ते काम केले म्हणून दुसऱ्या योजनेने म्हातारीचे निवृत्तिवेतन नाकारावयाचे, असा तो हिशेब होता. मर्यादा अशी असली की गरिबापुढे दोनच मार्ग उरतात: खरे उत्पन्न लिहून हक्क गमवावा, किंवा खोटा दाखला मिळवून त्या दाखल्यासाठी कोणाचे तरी मिंधे व्हावे. ह्या मिंधेपणावरच गावातील मतांचे राजकारण पोसले जाते.

२०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेशी तुलना केली म्हणजे ही विसंगती आणखी उघडी पडते. तिच्यात २१ ते ६५ वयाच्या स्त्रीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. त्याच घरातील स्त्रीने पासष्टी ओलांडली की तिला श्रावणबाळच्या दारात उभे राहावे लागणार, आणि तेथे मर्यादा २१,००० ची. रक्कम दोन्हीकडे १,५०० च. वय वाढले म्हणून गरिबीची व्याख्या बारापट कडक का व्हावी, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

अशा ठिकाणी निवृत्त स्वयंसेवकाचे खरे सामर्थ्य कामी येते. वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, दरवर्षीचा हयातीचा दाखला हा सारा पसारा ज्यांनी तीस वर्षे टेबलाच्या पलीकडून पाहिला, ते निवृत्त कारकून आणि ग्रामसेवक टेबलाच्या अलीकडे येऊन बसले तर गरिबाचा निम्मा हेलपाटा वाचेल. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर त्याखाली अपील करता येते. २००५ चा माहिती अधिकार आहे. ग्रामसभा आहे. ही हत्यारे गंजत पडतात, कारण ती चालविण्यासाठी लागणारा वेळ, अक्षर आणि चिकाटी राबणाऱ्या माणसापाशी नसते. निवृत्तांपाशी ती तिन्ही असतात.

बांबोळीचेही तसेच. जानेवारी २०१८ पासून गोवा शासनाने तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सीमेवरील तालुक्यांत आंदोलन उभे राहिले. एका रुग्णाचा खर्च एखादा सहृदय गृहस्थ उचलू शकेल. परंतु उपचारासाठी राज्याची सीमा का ओलांडावी लागते, हा प्रश्न संघटित होऊनच विचारावा लागतो. सोबत जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने रुग्णाचे नाव, आजार, झालेला खर्च आणि आपल्या जिल्ह्यात न मिळालेली सोय वहीत नोंदवून ठेवली, तर वर्षाअखेर ती वही आरोग्य खात्यापुढे ठेवण्याजोगा पुरावा होईल.

हे काम कोणत्या वृत्तीने करावे, याचा धडा ह्याच जिल्ह्याने घालून दिलेला आहे. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचे काम विशिष्ट जातीच्या बंद्यांकडूनच करून घेण्याच्या नियमाविरुद्ध, ते काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपवास आरंभिला आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांना साथ दिली. १९४८ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम उभारला; तेथे मैला आणि मृत जनावरांची विल्हेवाट ही हलकी मानलेली कामे स्वतःच्या हातांनी केली. खुर्चीवर बसून खाली बसलेल्याला सल्ला देणारी सेवा जातिव्यवस्थेला धक्का लावीत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या निवृत्त शिक्षकाने वाडीतल्या घरी जाऊन ओट्यावर बसावे आणि तेथला चहा घ्यावा. अर्ज त्यानंतर भरावा.

येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. स्वयंसेवा हा शब्द शासनाला फार सोयीचा वाटतो. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशांना शासनाने स्वयंसेविका म्हटले आणि वेतनाचा प्रश्न टाळला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. अंगणवाडी सेविकांच्या कामालाही मानसेवेचे नाव होते. त्यांचा उपदानाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला. जेथे पगारी माणूस नेमणे हे शासनाचे कर्तव्य आहे तेथे पेन्शनरांनी फुकट उभे राहणे म्हणजे एका तरुणाची नोकरी खाणे होय. बेव्हरिज यांनी १९४२ साली ब्रिटनच्या सामाजिक विम्याचा आराखडा मांडला आणि १९४८ साली स्वयंसेवी कार्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. शासनाने आपली जबाबदारी उचलल्यावरही नागरिकांच्या स्वेच्छाकार्याला जागा उरते, परंतु ते जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही, असा ह्या दोहोंचा एकत्रित अर्थ आम्ही लावतो. केरळात वेदनाशामक शुश्रूषेचे काम १९९३ पासून कोळिकोडच्या संस्थेने व पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी वाढविले. २००८ साली राज्याने त्यासाठी धोरण आखले आणि पंचायतींवर जबाबदारी टाकली. सेवेतून हक्क कसा उभा राहतो, याचा तो नमुना आहे.

दुसरा मुद्दा भविष्याचा. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना निश्चित निवृत्तिवेतनाची जुनी योजना नाकारली गेली. मार्च २०२३ चा कर्मचाऱ्यांचा संप त्यासाठीच होता. ज्या पिढीला म्हातारपणी उत्पन्नाची शाश्वती नाही, ती पिढी साठीनंतर स्वयंसेवक होणार नाही, दुसरी नोकरी शोधील. स्त्रियांच्या बाबतीत हे आजही खरे आहे: निवृत्त शिक्षिका शाळेतून सुटते, चुलीपासून आणि नातवंडांपासून सुटत नाही. सामाजिक सुरक्षा आक्रसली की सेवाही आक्रसते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ह्यावरून काय घ्यावे? ज्येष्ठ साथींना व्यासपीठावर बसवून हार घालण्याची रीत आता पुरे. प्रत्येक गावात दोन-तीन ज्येष्ठ साथींनी आठवड्यातील एक ठरावीक सकाळ ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसावे. अर्जांची वही ठेवावी. मुदत टळलेल्या प्रत्येक अर्जावर अपील करावे. फेटाळलेले अर्ज कारणांसह ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी जोडण्याचा ठराव तेथे मांडावा. तरुण साथींनी त्यांच्याबरोबर बसून हे काम शिकावे, कारण मोर्च्याच्या मागणीपत्रकातील आकडे ह्याच वहीतून निघावयाचे आहेत. बांद्यासारख्या गावांतून अशा दहा वह्या जरी वर्षभरात भरल्या, तरी २१,००० रुपयांची ती मर्यादा विधानसभेत कोणत्या तोंडाने समर्थायची, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना टाळता येणार नाही.