तंबोऱ्याची जवारी आणि मुलीचा कान

अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गी येथून एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. पत्र लांबलचक आहे व त्यांतील घरगुती भाग येथें देण्याचें कारण नाहीं. मुख्य मुद्दा असा : त्यांच्या धाकट्या दिरांची अकरा वर्षांची मुलगी गाणें शिकते. तिच्यासाठीं दोन वर्षांपूर्वीं बाजारांतून स्वस्तांतला स्वस्त तंबोरा आणला. तेव्हांपासून मुलगी षड्जावर ठरत नाहीं, अशी शिकविणाऱ्या बाईंची दर आठवड्यास तक्रार आहे; आणि आतां घरांतील वडील मंडळींनीं "हिला कानच नाहीं, उगाच पैसे कां दवडावे ?" असा निकाल देऊन दिवाळीपासून शिकवणी बंद करण्याचें ठरविलें आहे. नवा तंबोरा घेण्याची सध्यां सोय नाहीं, तर काय करावें, असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमच्या मतें मुलीच्या कानाचा निकाल देण्यापूर्वीं तंबोऱ्याची चौकशी व्हावयास पाहिजे होती. ती अद्यापिही करतां येईल व तीस फारसा खर्च नाहीं. ज्या वाद्याचा षड्ज पांच मिनिटांत उतरतो, त्याच्याशीं इमानानें सूर मिळवूं पाहणारी मुलगी डळमळणारच. किंबहुना ती डळमळते यावरूनच तिला कान असावा असें मानावयास जागा आहे; ज्याला कान नाहीं तो उतरत्या सुराची पर्वा करीत नाहीं.

तंबोरा स्वस्त होतो तो कशामुळें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. चांगले तंबोरे मिरजेस होतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजांतील फरीदसाहेब यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथें हा धंदा सुरू केला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या तंबोऱ्यांचे कडू भोपळे पंढरपुराच्या बाजूनें, म्हणजे पत्रलेखिकेच्याच जिल्ह्यांतून, मिरजेस जातात. तबली व दांडी बहुधा तुणीच्या लांकडाची असते. स्वस्त वाद्यांत लांकूड हलकें असतें हें खरें. परंतु आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, खरी काटकसर केलेली असते ती कारागिराच्या वेळांत. घोडी घांसणें, खुंटी भोंकांत बसविणें, तारेच्या खांचा साफ करणें, या कामांस तास न् तास लागतात आणि ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून वर नक्षी भरपूर काढलेली असते आणि खालीं जवारी मुळींच लावलेली नसते. लांकूड आपल्याला बदलतां येत नाहीं. वेळ मात्र घरीं घालतां येतो.

प्रथम तारा बदलाव्या. दोन वर्षांच्या गंजलेल्या तारेंतून कोणाचाही षड्ज निघणार नाहीं. बायकी तंबोऱ्यास पहिल्या तीन तारा पोलादी व खर्जाची पितळी लावण्याची रीत आहे. दुकानांत नुसतें "तंबोऱ्याच्या तारा" असें न म्हणतां मुलीची पट्टी सांगावी आणि घोडीपासून वरच्या अटीपर्यंतचें अंतर मोजून न्यावें. पट्टीच्या मानानें तार बारीक पडली तर ती लुळी राहते, जाड पडली तर तबलीवर नसता ताण येतो. नवी तार पहिले दोन दिवस उतरणारच, त्याचा दोष खुंटीस देऊं नये.

खुंट्यांचा दोष निराळा. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा कोरडा. लांकूड आकसतें आणि खुंटी सुटते. पावसाळ्यांत तीच खुंटी फुगून हलत नाहीं. खुंटी बाहेर काढून कोरड्या फडक्यानें पुसावी. सुटत असेल तर तिला खडू चोळावा, अडकत असेल तर खडूवरून थोडा कोरडा साबण फिरवावा. तेल कधींही लावूं नये. आम्हीं एका घरीं खुंट्यांना खोबरेल लावलेला तंबोरा पाहिला आहे. त्याविषयीं अधिक न लिहिलेलें बरें. तार ज्या भोंकांतून व ज्या खांचेवरून जाते, त्या तारगहनावर आणि अटीवर शिसपेन्सिलीचें टोंक फिरवावें, म्हणजे तार अडखळत नाहीं व मणी सरकवितांना सूर उडी मारीत नाहीं.

इतकें केल्यावर तंबोरा सुरांत राहूं लागेल, पण बोलूं लागेलच असें नाहीं. बोलणें घोडीवर अवलंबून आहे. इतर पुष्कळ वाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेंकते. तंबोऱ्याची घोडी वरून रुंद असून तिला अगदीं किंचित् उतार असतो, आणि कांपणारी तार त्या उतारास पुन्हां पुन्हां स्पर्श करते. त्या स्पर्शांतून वरचे स्वर उमटत राहतात. खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गांधार ऐकूं येतो तो यामुळेंच. प्रो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर निबंध प्रसिद्ध केला आणि तार जेथें छेडली असतां जो स्वर नियमाप्रमाणें उमटूं नये तोही या घोडीमुळें उमटतो, असें दाखविलें. पूर्वीं ही घोडी शिंगाची किंवा हस्तिदंताची करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद होत गेला व हल्लीं उंटाचें हाड, काळें लांकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

आतां परीक्षा अशी करावी. घोडीवरील चारही दोरे काढून एकेक तार छेडावी. आवाज ठोकल्यासारखा बोदा आला, अथवा पत्रा हलल्यासारखा खडखडला, तर तार बाजूस सारून घोडी उजेडाशीं आडवी धरून पाहावी. पोलादी तारेनें पाडलेल्या खांचा बहुधा तेथें दिसतील. तारा सैल करण्यापूर्वीं घोडी कोठें उभी आहे तें तबलीवर पेन्सिलीनें आंखून ठेवावें, कारण चार तारांच्या दाबाखेरीज पुष्कळदां तिला दुसरा आधार नसतो. बाजारांत ज्याला पॉलिश पेपर म्हणतात तो चारशें नंबरचा कागद एका सपाट पट्टीवर चिकटवून तारेच्याच दिशेनें आठ-दहा हात फिरवावे, तार पुन्हां चढवावी, ऐकावें. पुन्हां आठ-दहा हात. शेवटीं हजार नंबरचा कागद. या कामांत उतावीळपणा हाच मोठा शत्रु आहे. घांसून गेलेलें हाड परत येत नाहीं. भगिनींनीं साधी जादा घोडी मागवून तिच्यावर आधीं हात बसवावा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहत. ते वाद्यांच्या दुरुस्तींत वाकबगार होते, आणि एवढ्या मोठ्या गवयास जें काम कमीपणाचें वाटलें नाहीं तें आपल्या घरांतील पुरुष मंडळींसही वाटूं नये.

मग दोरा. साधें सुती सूत तार व घोडी यांच्यामध्यें घालून हळू हळू पुढें-मागें सरकवावें. एका जागीं तार एकाएकीं उघडते. ती जागा शब्दांनीं सांगतां येत नाहीं, परंतु घरांतील लहान मुलालासुद्धां ती कळते. हें काम मुलीलाच करूं द्यावें असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

भोपळ्यास तडा गेला असेल, किंवा भोपळा व दांडी यांचा सांधा हलत असेल, तर घरीं कांहीं करूं नये. तारा सैल करून, रजईंत गुंडाळून तंबोरा जाणत्या कारागिराकडे न्यावा. तबलीवर नवें रोगण तर मुळींच चढवूं नये. शोभा येते आणि आवाज गुदमरतो.

पत्राच्या शेवटीं आणखी एक पृच्छा आहे. थोरल्या जाऊबाईंच्या चिरंजीवांनीं एक जुनी स्वस्त बेस गिटार घेतली आहे आणि तिचे विजेचे भाग बदलण्यास त्यांना पैसे हवे आहेत. हें वाद्य अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं बाजारांत आणलें. तेंही चार तारांचें, आणि त्याचें कामही गाण्याखालीं खर्ज धरण्याचें. पैसे तूर्त देऊं नयेत. चिरंजीवांनीं आधीं नव्या तारा चढवाव्या. दांडींतील लोखंडी सळई एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक न फिरवितां दांडीचा बांक बेताचा करावा. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर व तेथेंच नुसता स्पर्श करून निघणारा स्वर एक होईपर्यंत घोडीचे स्क्रू पुढें-मागें करावे. आणि वरच्या खांचांत चुलत बहिणीच्याच शिसपेन्सिलीचा उपयोग करावा. एवढ्यानें समाधान झालें नाहीं तर विजेच्या भागांचा विचार करावा. बहुधा लागणार नाहीं.

आतां पुन्हां मुलीकडे. जवारी साधेपर्यंत महिना जाईल. तोंवर शिकवणी थांबवूं नये. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. हल्लीं तसा आवाज फोनवरही फुकट मिळतो. जिवंत तारेची सर त्याला नाहीं, पण तो उतरत नाहीं, आणि आपल्या कामास आज तेवढेंच हवें आहे. पंधरा दिवस मुलीनें रोज सकाळीं त्याच्याबरोबर नुसता षड्ज लावावा. त्या वेळीं वडील मंडळींनीं खोलींत बसूं नये. परीक्षकांसमोर कोणाचाही आवाज कांपतो. पंधराव्या दिवशीं शिकविणाऱ्या बाईंना बोलावून ऐकवावें, आणि त्या काय म्हणाल्या तें भगिनींनीं आम्हांस दिवाळीपूर्वीं अवश्य कळवावें.