डाळिंबाचा खरा जाणकार ओळखायचा कसा?

सटाणा परिसरात डाळिंबाचे झाड सुकू लागले, की सल्ला देणारे बांधावर हजर. मर दिसायला एकच. कारण मात्र बुरशी, सूत्रकृमी किंवा खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून जो मुळ्या उकरून पाहतो, खोड तपासतो, पाणी किती दिले, बहार कोणता धरला हे आधी विचारतो, त्याचे ऐकावे. मोबाइलवरचा फोटो पाहून चिठ्ठी लिहिणाऱ्याचे औषध बहुधा ठरावीक दुकानातच मिळते! तेल्या जिवाणूमुळे होतो. तेल्या आणि मर दोन्हींवर एकच बाटली सांगणाऱ्याला कारण विचारावेच. तरीही शंका राहिली, तर सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. किसान कॉल सेंटरवर (१८००-१८०-१५५१) मराठीत, मोफत बोलता येते.